भुईमुगाच्या दाण्यातले विष : खरे कोणते, खोटे कोणते?

(भाषणाचा मजकूर)



आज मी भुईमुगाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. पेरणी, खत, पाणी हे विषय आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते दाणा घरात आल्यानंतरचे. भुईमूग आपण पिकवतो, विकतो आणि खातोही. चटणीत, कुटात, उसळीत, उपासाच्या खिचडीत दाणा असतोच. पेंड गुरांना जाते, आणि गुरांचे दूध पुन्हा आपल्याच घरात येते. म्हणून या दाण्यात काय भ्यायचे आणि काय भ्यायचे नाही, हे नीट कळले पाहिजे.

गेल्या हंगामात आमच्या तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याने ट्रॉम्ब्याच्या वाणाचा भुईमूग केला होता. आपण त्यांना अण्णा म्हणू. शेंगा बऱ्या लागल्या होत्या. ओटीवर बसल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की, अण्णा."

"हे बियाणं ट्रॉम्ब्याचं. म्हणजे जिथं अणुभट्टी आहे तिथलं. आमचा पुतण्या मुंबईला असतो, तो म्हणतो, याला किरणं मारलेली असतात. मग हे दाणे नातवंडांना द्यायचे का नाही?"

मी हसलो. "काही होत नाही हो," म्हणालो, चहा घेतला आणि उठलो. निघताना पाहिले, ओसरीवर वहिनी शेंगा निवडत होत्या. चांगल्या शेंगा पोत्यात जात होत्या. कोपऱ्यात दुसरा ढीग होता. परतीच्या पावसात भिजलेल्या, काळ्या पडलेल्या, पोचट शेंगा. त्यांतले काही दाणे फुटले होते आणि त्यांवर हिरवट पिवळी भुकटी दिसत होती.

"हे कशाला ठेवलंय, वहिनी?"

"घरात चटणीला होतात. उरलं की गाईला."

"बरं," म्हणालो आणि गाडीला किक मारली. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी आलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. अण्णा ज्या दाण्याला भीत होते त्यात भिण्यासारखे काही नव्हते. ज्या ढिगाला कोणीच भीत नव्हते त्यात विष असण्याचा संभव होता. आणि मी शिकलेला माणूस दोन्ही ठिकाणी चुकलो होतो. एका ठिकाणी हसून, दुसऱ्या ठिकाणी गप्प बसून. गाडी वळवली आणि परत त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. तिथे जे बोललो तेच आज आपल्याला सांगतो.

ट्रॉम्ब्याचे बियाणे म्हणजे काय?

ट्रॉम्बे मुंबईच्या पूर्व टोकाला आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि जुना कोळीवाडा. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव सुफला खतामुळे माहीत असेल. त्याच ट्रॉम्ब्याला १९५४ साली अणुसंशोधनाची संस्था सुरू झाली. डॉ. होमी भाभा यांचे १९६६ साली विमान अपघातात निधन झाले आणि १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. तिथे अणुभट्ट्या आहेत हे खरे. पण तिथे शेतीचे संशोधनही होते, हे कमी लोकांना ठाऊक आहे.

आता किरणांचे पाहू. कोणत्याही पिकात निसर्गतः क्वचित एखादे झाड वेगळे निघते. एखादे बुटके, एखादे लवकर येणारे, एखादे मोठ्या दाण्याचे. आपले वाडवडील असेच झाड हेरून त्याचे बी राखून ठेवत. बियाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले की असे बदल जास्त प्रमाणात होतात. त्यांतले बहुतेक निरुपयोगी असतात. हजारो झाडांतून कामाची थोडी झाडे निवडायची, पिढ्यान् पिढ्या वाढवायची, ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या आणि मग वाण द्यायचा. या रीतीने १९७३ साली ट्रॉम्ब्याचा पहिला भुईमूग टीजी-१ बाहेर आला. पुढे आपल्या कृषी विद्यापीठांच्या जोडीने आणखी वाण झाले. टीएजी-२४ मधले 'ए' अक्षर अकोल्याचे. टीपीजी-४१ मधले 'पी' फुले विद्यापीठाचे, म्हणजे राहुरीचे. टीएलजी-४५ मधले 'एल' लातूरचे. उडदाचा टीएयू-१ हा वाणही ट्रॉम्बे आणि अकोला यांचाच.

तेव्हा आपल्या पोत्यातल्या बियाण्याला कोणी किरणे मारलेली नसतात. किरणे पडली ती त्याच्या कित्येक पिढ्यांमागच्या पूर्वजावर. आणि त्या पूर्वजातही किरणे साठून राहिली नव्हती. कंदिलाचा उजेड भिंतीवर पडतो. कंदील विझवला की भिंत उजेड देते का? दवाखान्यात मोडलेल्या हाताचा फोटो काढतात, म्हणून तो हात पुढे किरणे फेकत बसत नाही. तसेच हे आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. अणुभट्टीतला किरणोत्सर्गी पदार्थ धुळीसारखा अन्नात मिसळला, तर तो धोका खराच. पण किरण टाकणे वेगळे आणि किरणोत्सर्गी धूळ मिसळणे वेगळे. अण्णांच्या पुतण्याने या दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. त्याचा हेतू वाईट नव्हता, माहिती अर्धी होती.

कांद्याआंब्याचे तसेच आहे. लासलगावला २००२ सालापासून कांद्यासाठी किरण प्रक्रियेचे केंद्र आहे. थोड्या मात्रेची किरणे दिली की कांद्याला कोंब फुटत नाहीत. २००७ साली आपला आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो याच प्रक्रियेनंतर, कारण तिने फळातल्या किडीचा बंदोबस्त होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी १९८० सालीच सांगितले होते की, ठरावीक मर्यादेपर्यंत किरणे दिलेले अन्न खाण्यास धोक्याचे नाही.

मग खरे विष कोणते?

आता कोपऱ्यातल्या ढिगाकडे या. दाण्यावर जी हिरवट पिवळी बुरशी येते, तिच्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाची ओळख पटली ती इंग्लंडमध्ये. १९६० साली तिथे टर्की नावाचे एक लाखाहून अधिक पक्षी पटापट मेले. रोग कळेना. शेवटी कारण सापडले ते त्यांच्या खाद्यात. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. १९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत मका काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. मका ओला राहिला आणि त्याला बुरशी आली. गरीब आदिवासी कुटुंबे, दुसरे धान्य नाही, तोच मका त्यांनी खाल्ला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतली १०६ दगावली. त्यांच्या घरची कुत्रीदेखील तशीच आजारी पडली, कारण तीही त्याच भाकरीवर होती.

एवढे विष एकदम पोटात जाणे क्वचित घडते. आपल्याकडे होते ते थोडे थोडे, वर्षानुवर्षे. हे विष यकृतावर काम करते. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. ज्याच्या अंगात कावीळ 'ब'चा विषाणू आहे त्याला हा धोका कित्येक पटींनी जास्त. म्हणून बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात 'हिपॅटायटिस बी'ची जी लस फुकट मिळते, ती चुकवू नका. नंतरच्या मात्राही पुऱ्या करा.

घरोघरचे समज

आता काही समज एकेक करून पाहू.

"उन्हात घातलं की बुरशी जाते." उन्हाने वरची भुकटी झडते, बुरशीची वाढ थांबते. पण आधी तयार झालेले विष दाण्यातच राहते.

"भाजलं, तळलं की विष मरतं." पुरते मरत नाही. हे विष उकळत्या पाण्याला दाद देत नाही. तव्यावर भाजल्याने ते थोडे कमी होते, नाहीसे होत नाही.

"कडू दाणाच तेवढा वाईट." कडू, खवट दाणा थुंकून टाकावा हे बरोबर, तो गिळू नये. पण या विषाला स्वतःची चव नाही. गोड लागला म्हणून दाणा निर्धोक, असे धरू नका. चवीपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा.

"खराब दाणे घाण्याला द्यावेत, तेलात काही उतरत नाही." विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो हे खरे. पण घाण्याच्या गढूळ तेलातून काही अंश येतोच. कारखान्यातल्या शुद्धीकरणात तो निघून जातो, घरगुती घाण्यावर ती सोय नाही. म्हणून घाण्याला दाणे द्यायचे ते निवडूनच द्या, आणि तेल खाली गाळ बसू देऊन, गाळून वापरा.

"गुरांना काय होतंय? त्यांचं पोट मोठं असतं." हा समज सर्वांत महाग पडतो. बुरशीच्या पेंडीने जनावराची भूक मंदावते, दूध घटते. वासरांना आणि कोंबड्यांना तर जास्तच बाधते. शिवाय पेंड खाल्ल्यावर एका दिवसाच्या आत त्या विषाचा काही भाग दुधात उतरू लागतो, आणि दूध उकळले तरी तो जात नाही. म्हणजे जो दाणा आपण नातवाच्या ताटातून काढला, तोच त्याच्या पेल्यात आला. समाधानाची गोष्ट एवढी की, खराब पेंड बंद केली की थोड्या दिवसांत दूध पुन्हा चांगले येते.

"दाण्यात कोलेस्टेरॉल असतं." कोणत्याच वनस्पतीच्या दाण्यात ते नसते. भुईमुगात साधारण चौथा हिस्सा प्रथिने असतात, जवळजवळ निम्मे तेल असते. निरोगी माणसाने रोज मूठभर दाणे खाल्ले तर ते चांगलेच. फार खाल्ले तर तेलामुळे अंगावर चरबी चढेल आणि पोट जड होईल, हा साधा हिशेब आहे. काही थोड्या जणांना मात्र दाणे मुळीच चालत नाहीत. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. त्यांनी दाणे वर्ज्य करावेत, आणि दम लागला तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

"दाण्यांवर पाणी प्यालं की खोकला होतो." याला आधार नाही. पाळायचे असेल तर पाळा, नुकसान नाही. पण खोकल्याचे एक खरे कारण इथे सांगितलेच पाहिजे. लहान मूल पळता पळता, हसता रडता अख्खा दाणा तोंडात टाकते आणि तो श्वासनळीत जातो. मूल एकदम ठसकते, गुदमरते. कधी दाणा आत अडकून राहतो आणि घरची माणसे दिवसचे दिवस खोकल्याचे औषध देत बसतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका. कूट करून, लाडू करून द्या. दाणे खाताना ठसकलेल्या मुलाला नंतर बरे वाटले, तरी डॉक्टरला दाखवा आणि दाण्याची गोष्ट न विसरता सांगा.

कावीळ झाली तर

यकृत बिघडल्याची खूण म्हणजे कावीळ. आपल्याकडे कावीळ झाली की कोणी गळ्यात माळ घालते, कोणी डाग देते. माळ जशी लांबते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. ती खुंटीला अडकवली तरी लांबेल. मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा विश्रांतीने आपोआप बरी होते. श्रेय माळेला जाते. पण दहांत एखादी कावीळ वेगळी निघाली, तर माळेच्या भरवशावर गेलेले दिवस परत मिळत नाहीत. माळ घालणाऱ्याशी भांडू नका, पण रक्त तपासून घ्या. आणि डाग मुळीच देऊ नका. त्याने आजार जात नाही, वर जखम होते.

आता करायचे काय?

बुरशी दाण्यात आल्यावर उपाय थोडे, येण्याआधी पुष्कळ. ते सगळे आपल्या हातातले आहेत.

शेतात : दाणे भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका. तापलेल्या कोरड्या जमिनीत ही बुरशी शेंगेत शिरते. वाळवी आणि हुमणीचा बंदोबस्त करा. पोखरलेली शेंग म्हणजे बुरशीला उघडे दार. टरफलाची आतली बाजू काळपट झाली की पीक तयार झाले समजा. मग काढणी लांबवू नका. खुरप्याने, नांगराने शेंगा कापल्या जाणार नाहीत असे पाहा.

खळ्यात : उपटलेले वेल शेंगा वर करून पसरा. ढीग मारू नका, ओला ढीग आतून तापतो. पावसाचा अंदाज असेल तर ताडपत्री जवळ ठेवा. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे, आणि दाणा चोळला की साल सुटली पाहिजे. ओलावा मोजण्याची सोय असेल तर शेंगेत तो आठ-नऊ टक्क्यांवर नको.

शेंगा फोडताना : दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची चाल आहे. वजन वाढावे म्हणूनही कोणी मारतात. हे बंद करा. एका पाण्याने सगळी वाळवण फुकट जाते.

साठवणीत : दाण्यांपेक्षा शेंगा ठेवणे बरे, टरफल हे त्याचे चिलखत आहे. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. नवा माल जुन्या, कळकट बारदानात भरू नका.

घरात आणि गोठ्यात : कूट करण्याआधी दाणे ताटात पसरून निवडा. काळा, पोचट, फुटका, बुरशीचा दाणा बाजूला काढा. कूट एकदम महिन्याचे न करता आठवड्याचे करा आणि कोरड्या डब्यात ठेवा. पेंडेचा वास कुबट आला, गाठी झाल्या, तर ती गाईला घालू नका. काढलेला खराब माल कोंबड्यांना टाकू नका, चांगल्यात मिसळून विकू नका. तो खोल खड्ड्यात पुरा.

शेवटचे वाक्य जड जाते, मला ठाऊक आहे. त्या दिवशी वहिनीही म्हणाल्या, "टाकून कसं द्यायचं, साहेब? वर्षाचा घाम आहे त्यात." मी म्हणालो, "वहिनी, पाचसहा पायल्यांचा ढीग आहे. पण तो चांगल्या पोत्यांत मिसळला तर सगळा माल नासेल." परदेशी बाजारात, युरोपात, खाण्याच्या दाण्याला किलोमागे चार मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार. थोडे खराब दाणे अख्खा माल परत पाठवू शकतात.

वहिनी काही बोलल्या नाहीत. अण्णांनी उठून घमेले आणले आणि ढीग त्यात भरला. मग त्यांनी मला विचारले, "म्हणजे ट्रॉम्ब्याचा दाणा नातवंडांना द्यायचा?"

"द्या. निवडून, वाळवून, कूट करून द्या. ट्रॉम्ब्याचा असो की गावठी, नियम एकच."

मंडळी, आरोग्याविषयी गावात रोज काही ना काही कानावर येते. कोणी बाजारातून ऐकून येते, कोणी मोबाइलवर वाचून येते. सगळेच खोटे नसते, सगळेच खरेही नसते. अशा वेळी तीन प्रश्न विचारा. विष आहे म्हणता, ते नेमके कोणते? ते किती आहे? आणि ते पोटात जाते कोणत्या वाटेने? किरणांच्या गोष्टीला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. बुरशीच्या गोष्टीला तिन्ही देता येतात. आणि कोणी असा प्रश्न घेऊन आपल्याकडे आला, तर माझ्यासारखे हसू नका. त्याला घेऊन बसा, आणि उठण्यापूर्वी त्याच्या ओसरीच्या कोपऱ्यात एकदा नजर टाका.